‘घर’ नावाचा कुटुंबप्रमुख

४ मार्च

मिरे,

माझं आयुष्य ज्या क्षणी बदललं, त्या क्षणी माझ्या एका हातात स्क्रू-ड्रायव्हर होता आणि दुसऱ्या हातात अर्धं सँडविच. काउंटरवरचा फोन थरथरला आणि त्यावर अक्षरं आली : ‘तुमच्या कुटुंबातील एका मुलाला नवीन ॲप हवे आहे. परवानगी द्यायची का?’ खाली त्या मुलाचा फोटो. मुलाला भरघोस मिश्या होत्या. सीटबेल्ट लावून, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून मूल समोरच्या रस्त्याकडे संशयाने बघत होतं.

ते मूल म्हणजे तुझे बाबा.

हसलीस? नसशील. तू फोनवर मला बंद केलंस, मेलवर बंद केलंस, आपण बुद्धिबळ खेळायचो तिथेही बंद केलंस. माझा घोडा अजून तुझ्या वजिरावर डोळा ठेवून उभा आहे बिचारा. म्हणून आता कागद. कागदाला बंद करायचं बटण अजून कुणी काढलेलं नाही. फाडायचं असेल तर फाड, पण आधी पूर्ण वाच, कारण बातमी तुझ्याच घरची आहे.

आणि पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. मिळाला. मी उद्योगी माणूस आहे.

तर ऐक. मी आता एका दुकानात कामाला आहे. लोकांच्या घरी जाऊन त्यांची यंत्रं एकमेकांशी बोलती करून देतो. राउटर, टीव्ही, फोन, दारावरचा कॅमेरा, पोरांचे टॅब. माणसं एकमेकांशी बोलत नसली तरी चालतं, टीव्ही फोनशी बोलला पाहिजे. काम मला झकास जमतं. फक्त मालक मला ‘तोफखाना’ म्हणतात आणि म्हाताऱ्यांकडे पाठवायला बिचकतात. एका आजोबांना मी म्हटलं होतं, ‘पासवर्ड विसरला म्हणजे विसरला, माझ्याकडे असं बघून तो आठवणार नाही.’ त्यांनी दुकानात तक्रार केली. मालकांनी माफी मागायला लावली. मी मागितली. बघ, मागतो मी माफी. कॉलेजात सरांची नाही मागितली, कॉलेजच सोडलं, कारण तिथे चूक माझी नव्हती. तिथे तुझं म्हणणं वेगळं होतं, ‘तू सोड नाहीतर राहा, पण माझ्या वतीने सरांना ‘ही पण सोडतेय’ असं सांगायचा तुला काय अधिकार?’ तो विषय आज नको. आज मी खुशीत आहे.

मागच्या आठवड्यात दुकानात फोन आला. ड्रायव्हिंग स्कूलवाले गृहस्थ, नवे फोन, नवा राउटर, ‘घरातलं सगळं एकत्र करून द्या.’ पत्ता बघितला, तर तुझं घर. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. पण मी काय घाबरतो? तुझ्या बाबांनी मला कधी पाहिलेलं नाही. बॅग उचलली आणि गेलो.

तुझं घर मी बाहेरून किती वेळा बघितलंय! आतून पहिल्यांदाच. सोफ्याच्या वरच्या फळीवर तुझा फोटो आहे, समोरचे दोन दात पडलेला, हातात कप. काकू, म्हणजे तुझ्या आई, हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातून नुकत्याच आल्या होत्या, त्यांनी चहा ठेवला आणि मला आरपार बघितलं. सवय असणार. ‘काय शिकतोस रे?’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘शिकून झालं.’ छाती अशी काढली की शर्टाचं बटण ताणलं.

आता फॅमिली खातं उघडताना प्रत्येकाचं जन्मसाल लागतं. मी तुझ्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, ‘टाक काहीही, मी काय लग्नाला उभा आहे का?’ मी सालांचं चाक फिरवायला लागलो. फळीवरून तू बघत होतीस, तो दात पडलेला जबडा घेऊन. चाक कुठे थांबलं ते मी बघितलंच नाही. पुढे ढकललं. पुढच्या पानावर आलं, ‘मुलाला कुटुंबप्रमुख होता येत नाही.’ तुझे बाबा दहा वर्षांचे झाले होते, मिरे.

सगळं पुसून पहिल्यापासून करायला हवं होतं. तासाभराचं काम. पण नुकतंच ‘शिकून झालं’ म्हणालो होतो ना? आता त्याच काकूंसमोर ‘चुकलं’ कुठल्या तोंडाने म्हणू? माझं एक जादा खातं होतं, चाचणीसाठी ठेवलेलं. ते प्रमुख म्हणून घातलं, त्याला नाव दिलं ‘घर’, म्हटलं तात्पुरतं आहे, उद्या येऊन बदलू. मग बाबांनी तुला फोन लावला. ‘एक मेसेज येईल. प्रश्न विचारू नकोस, हो म्हण.’

आणि तू हो म्हणालीस! मी दोन वर्षं तुझ्यामागे फिरलो, इतक्या झटकन तू मला कधी हो म्हणाली नव्हतीस.

तेव्हा परिस्थिती अशी आहे. तू, काकू आणि बाबा, तिघंही सध्या माझ्या छत्राखाली आहात. बाबांना विमान उडवायचा खेळ हवा होता. मी लगेच परवानगी दिली. खेळू दे पोराला. परवा मात्र ते हवामान बघत होते आणि फोनने सांगितलं, ‘आजचा खेळण्याचा वेळ संपला.’ भर दुपारी दुकानात येऊन गरजले, ‘मला माझ्याच फोनवर नाही म्हणणारा हा कोण?’ मी म्हटलं, ‘काका, सिस्टिम आहे.’ सिस्टिम म्हटलं की माणसं गप्प होतात. मी आतल्या खोलीत जाऊन फोनवरून अर्धा तास वाढवून दिला. ते खूश होऊन गेले. तुझ्या घरात माझं वजन वाढतंय, एवढंच कळवायचं होतं.

तिकडे थंडी आहे म्हणे. तळ्याकडची खिडकी उघडी ठेवू नकोस.

तुझा (तू नाही म्हणालीस तरी)

१२ मार्च

मिरे,

उत्तर नाही. ठीक आहे. मलाही उत्तरासाठी लिहायचं नाहीये, सांगण्यासाठी लिहायचंय.

तुझे बाबा मला गाडी शिकवतायत. मी सारखा येऊन फोन ‘दुरुस्त’ करतो आणि दुकानाची पावती फाडत नाही, म्हणून त्यांना अवघडल्यासारखं झालं. ‘बस गाडीत,’ म्हणाले. ‘फुकट मी कुणाकडून काही घेत नाही.’ आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मोकळ्या मैदानात आमचा वर्ग असतो. छतावर ती पाटी, चारी बाजूंना लाल अक्षरं, सगळं गाव मला ‘शिकाऊ’ म्हणून बघतं. चालायचंच.

माणूस जबरदस्त आहे गं. पहिल्याच दिवशी मी क्लच असा सोडला की गाडी बेडकासारखी उडाली. मला वाटलं आता कानाखाली बसते. ते शांतपणे म्हणाले, ‘गाडीला राग आलेला नाही, तुला आलाय. तू शांत हो, ती होईल.’ कॉलेजात असं एक जरी माणूस असतं! मग मैदानात आठचा आकडा काढायला लावला. हळू जायचं, वळणावर थांबायचं, मग उलटं. पुन्हा आठ. पुन्हा थांबा. पुन्हा उलटं. त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक आहे हे तुला माहीतच असेल. मी भिंतीकडे निघालो की गाडी आपोआप थांबते आणि ते खिडकीबाहेर बघत असतात, जणू त्यांचा काही संबंध नाही. म्हणतात, ‘हा ब्रेक शिकणाऱ्याला दिसू द्यायचा नाही. पण असला पाहिजे.’

मी विचारलं, ‘तुमच्या मुलीला शिकवलीत का गाडी?’ सहज विचारलं. माझा आवाज अगदी सहज होता.

म्हणाले, ‘ती? तिला कशाला हवी? मी आहे ना सोडायला.’

मग थोडं पुढे गेल्यावर स्वतःहून म्हणाले, ‘लांब नोकरीला पाठवली तेव्हा माझ्या मित्राच्या घरी सोय केली. घरचे लोक, घरचं जेवण. फोनवर ‘बरंय बाबा, बरंय बाबा’ म्हणते. पण आवाज बरा नाही. कॉलेजात एक अर्धवट भेटला होता तिला. अर्ध्यातून सोडून गेला म्हणे, भांडखोर. तेव्हापासून पोरगी घरात मोकळी बोलत नाही.’

मी गिअर बदलायचा सोडून वायपर चालू केला.

‘बघितलाय का तुम्ही त्याला?’ मी म्हटलं.

‘बघितला असता तर त्याने आधी शिक्षण पुरं केलं असतं,’ म्हणाले. ‘समोर बघ.’

मी समोर बघितलं. दुसरं काय करणार? पण सांगतो, ‘अर्धवट’ शब्दाने जेवढी तिडीक यायला हवी होती तेवढी आली नाही. मला तो माणूस आवडायला लागलाय, हीच पंचाईत आहे.

अडचण एकच. त्यांना नकाशा हवा आहे. फॅमिली खातं त्यांनी काढलं तेच मुळी त्यासाठी. पहिल्याच दिवशी काकू आत गेल्यावर हळूच म्हणाले होते, ‘ती कुठे आहे ते माझ्या फोनवर दिसलं पाहिजे. तिला सांगू नकोस, उगाच चिडते.’ मी लोकेशन चालू केलं. कामच आहे ते माझं, दर दुसऱ्या घरात करतो. पण मुलाच्या फोनवर दुसऱ्यांचे ठिपके दिसत नाहीत, आणि ते तर दहा वर्षांचे. रोज विचारतात, ‘नकाशा का रिकामा?’ मी म्हणतो, ‘काका, सिस्टिमला वेळ लागतो.’ तेव्हा तू काळजी करू नकोस. त्यांना काहीही दिसत नाही.

मी हे का सांगतोय? कारण मला एक विचारायचंय आणि ते विचारल्याशिवाय मला झोप नाही. रोज संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तू कुणाच्या गाडीत फिरतेस? कोण आहे तो? त्या कोपऱ्यावर तुला घ्यायला येतो आणि घरी न सोडता कुठल्या तरी मोकळ्या जागेत घेऊन जातो. तिथे काय आहे? गोल गोल काय फिरता? पायी फिरायला काय होतं? मला त्याच्याशी काही घेणं नाही. तू स्वतंत्र आहेस. पण त्याला गाडी तरी नीट येते का? किती वेळा थांबतो!

वरच्या ओळी खोडणार होतो. पण खोडलेलं पत्र पाठवणं म्हणजे घाबरून पाठवणं. जाऊ दे तसंच.

तुझा

२० मार्च

मिरे,

तुझी चिठ्ठी दुकानावर आली. मालकांनी हातात देताना भुवई उचलली. चार ओळी. त्या मला पाठ झाल्या आहेत, पण तुझ्यासमोर मांडतो म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. ‘मी बाबांच्या मित्राचं घर सोडून तळ्याजवळ खोली घेतली हे फक्त आईला माहीत होतं. तिने तुलाही सांगितलं आणि माझ्यावर पाळतही ठेवायला लावली. तिच्याशी मी बोलणं बंद केलंय. तुझ्याशी तर आधीच बंद आहे.’

चिठ्ठी आली त्याच दिवशी दुपारी काकू दुकानात आल्या. कामावरच्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र तसंच. फोन काउंटरवर ठेवला. मला म्हणाल्या, ‘जरा बघ ना रे बाळा. यातून माझ्या नकळत काही बाहेर गेलंय का?’

‘काय गेलंय?’

‘एक गोष्ट होती. मुलीने मला एकटीला सांगितलेली. मी यांनासुद्धा सांगितली नाही. पण ती म्हणते, तूच फोडलीस. मी देवाची शपथ घेऊन... जाऊ दे. फोनमध्येच काहीतरी झालं असेल, नाही का? हल्ली हे फोन ऐकतात म्हणे सगळं.’

त्यांनी त्या दिवशी मला आरपार बघितलं नाही. फोनकडेच बघत होत्या. मी तो फोन घेतला, केबल लावली, पडद्यावर बोटं फिरवली, कपाळाला आठ्या घातल्या. एखादा डॉक्टर करतो तसं सगळं केलं. आणि म्हटलं, ‘फोन ठणठणीत आहे, काकू.’ त्या म्हणाल्या, ‘मग मीच कधीतरी बोलून गेले असेन. वय झालं.’ आणि गेल्या.

मी स्टूलवर बसलो आणि मालकांनी दोनदा हाक मारली तरी उठलो नाही.

आता नीट वाच. काकूंनी कुणालाही काहीही सांगितलेलं नाही. तुझा पत्ता मला नकाशावरून मिळाला. मागच्या पत्रात ‘बाबांना दिसत नाही’ एवढंच लिहिलं, मला दिसतं हे लिहिलं नाही. कुटुंबप्रमुखाला सगळ्यांचे ठिपके दिसतात, आणि कुटुंबप्रमुख मी आहे. तू हो म्हणालीस ते बाबांना, ते दार उघडलं माझ्याकडे. तुझा ठिपका पहिल्यांदा दिसला तेव्हा मी फोन उलटा ठेवला. पाच मिनिटं. मग सुलटा केला. त्यानंतर रोज. तुझ्या फोनवर ‘घर’ म्हणून जो सदस्य दिसतो, तो मी. माझ्या पहिल्या पत्रातल्या खिडकीने तुला कळायला हवं होतं, आणि कळलंही, फक्त तू नको त्या माणसावर चिडलीस. आता माझ्यावर चीड. मला सवय आहे. पण हे वाचताक्षणी आधी काकूंना फोन कर, मग मला शिव्या दे.

आणखी एक. परवा सकाळी मैदानात मी पहिल्यांदा पूर्ण आठ काढला. कुठेही न धडकता. बाबा म्हणाले, ‘जमलं!’ आणि तिथेच, गाडी बंद करता करता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हळू जायचं, वळणावर थांबायचं, उलटं यायचं, पुन्हा आठ. रोज संध्याकाळी तुझा ठिपका हेच करतो! मी ज्याच्यावर जळत होतो तो तुझा शिक्षक आहे. सगळ्या गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसाची मुलगी परक्या गावात जाऊन परक्याकडून गाडी शिकतेय. मिरे, मी दुकानात येऊन एकटाच हसलो. मग हसू थांबलं. कारण ही गोष्ट तू मला सांगितलेली नाहीस. तू ती कुणालाही सांगितलेली नसताना मला माहीत आहे. एवढं कळायला मला तीन आठवडे आणि एक मैदान लागलं.

मी नकाशा उघडणं बंद केलंय. पण तेवढं पुरत नाही. हे खातंच मोडायला हवं. आणि तिथे गंमत अशी आहे की घरात मूल असेपर्यंत कुटुंब मोडता येत नाही. कंपनीचा नियम. आणि मूल म्हणजे तुझे बाबा. त्यांचं वय मोठं करायचं तर त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हाताने, त्यांना सांगूनच करावं लागतं. तेव्हा उद्या संध्याकाळी जातोय. सगळं सांगणार. तू विचार करत असशील, हा तिथेही भांडून येणार. बघू या. भांडायचं नाही असं ठरवलंय, पण घाबरायचं नाही हेही ठरवलंय.

(सही करत नाही. ‘तुझा’ लिहायचा हक्क सध्या माझ्याकडे नाही.)

२१ मार्च

मिरे,

हे पत्र तळ्याजवळच्या पत्त्यावर येणार नाही. तो पत्ता तू मला दिलेला नव्हता, कालचं पत्र तिथे पाठवावंच लागलं, आता बस. हे मी काकूंच्या नावाने तुमच्या पेटीत टाकणार आहे. त्यांना वाटलं तर त्या देतील, तुला वाटलं तर तू घेशील.

मी गेलो तेव्हा दोघं टेबलाशी बसली होती. टीव्ही चालू, आवाज बंद. बाबा म्हणाले, ‘आलास? बरं झालं. आज तरी तो नकाशा लाव बाबा.’

मी म्हटलं, ‘काका, आधी तुमचं जन्मसाल टाका. तुमच्याच हाताने. पहिल्या दिवशी माझ्याकडून चुकीचं पडलं.’

त्यांनी चष्मा लावला, चाक फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले. ‘अरे, किती मागे जायचं?’

‘तुम्ही सध्या दहा वर्षांचे आहात,’ मी म्हटलं. ‘म्हणून खेळाची वेळ संपायची.’

काकूंच्या तोंडातून एकदम हसू फुटलं. त्या पदर नाही, चक्क हातातला रुमाल तोंडात कोंबून हसल्या. ‘मला शंका होतीच,’ म्हणाल्या. बाबासुद्धा मिशीत हसले आणि त्यांनी खरं साल टाकलं. एवढ्यावर थांबून घरी जाता आलं असतं तर! पण मी म्हटलं, ‘मुलाला कुटुंबप्रमुख होता येत नाही. म्हणून इतके दिवस कुटुंबप्रमुख मी होतो. ‘घर’ म्हणून जो दिसतो, तो मी आहे. नकाशा मला दिसत होता. तुमची मुलगी कुठे राहते ते मला त्यावरून कळलं आणि मी तिला पत्रं लिहिली. काकूंनी काहीही फोडलेलं नाही. ते मी फोडलं.’

काकूंचं हसू जिथल्या तिथे राहिलं. आणि मग त्यांनी मला बघितलं. या वेळी पूर्ण, हाडापर्यंत.

‘परवा माझा फोन तपासलास,’ त्या म्हणाल्या.

‘हो.’

‘तेव्हा माहीत होतं तुला.’

‘हो.’

त्यांनी रुमालाची घडी घातली. पुन्हा उघडली.

बाबांना अजून जुळत नव्हतं. ‘तू माझ्या मुलीला पत्रं लिहिलीस? तू कशाला? तुझा काय संबंध?’

‘मीच तो अर्धवट,’ मी म्हटलं.

मला वाटलं होतं टेबल उलटेल. उलटलं असतं तर सोपं गेलं असतं, उलटलेल्या टेबलाशी मी छान भांडतो. ते नुसते उठले आणि टीव्ही बंद करून परत बसले. मग म्हणाले, ‘रोज सकाळी माझ्या शेजारी बसत होतास.’

‘हो.’

‘आणि मी तुला तिच्याबद्दल सांगत होतो.’

‘हो काका.’

‘काका म्हणू नकोस.’

जीभ वळवळत होती, पण दातांखाली धरून ठेवली. त्यांनी चष्म्याखाली बोट घालून डोळा पुसला, आणि ते मला दिसलं हे त्यांना दिसलं, म्हणून त्यांचा आवाज चढला. ‘फोन काढ. ते प्रमुखपद का काय ते माझ्या नावावर कर. आता झालो ना मोठा? नकाशा माझ्या फोनवर आण. बाप मी आहे तिचा. आणि मग चालता हो.’

काकू म्हणाल्या, ‘अहो...’

‘तू थांब. नकाशावरून शोधावी लागली, म्हणजे ती माझ्या मित्राच्या घरी नाही. ते तुला माहीत होतं, तूही मला सांगितलं नाहीस. तुम्हा सगळ्यांना सगळं माहीत, फक्त मला नाही!’

मिरे, ते म्हणाले ते खरं होतं. आणि करणं अगदी सोपं होतं. माझ्या फोनवर एकच बटण, ‘प्रमुख बदला’. ते दाबलं असतं तर दहा सेकंदांत तुझा ठिपका त्यांच्यासमोर आला असता. संध्याकाळ होती. तू तेव्हा त्या मोकळ्या जागेत असणार. आयुष्यभर शिकाऊंच्या शेजारी बसलेला माणूस. तू गाडी शिकतेयस हे कळायला मला तीन आठवडे लागले, त्यांना एक नजर पुरली असती.

मी म्हटलं, ‘नाही करणार.’

त्यावर त्यांनी जे केलं त्याला मी तयार नव्हतो. ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणला. मैदानात आणतात तसा. म्हणाले, ‘ऐक. तू पोरगा वाईट नाहीस. हात चांगला आहे तुझा, आठ काढलास परवा. मी तिला कधीच विचारलं नाही तो कोण होता ते. आता समोर आहेस. एवढं मला करून दे. उद्यापासून या घरात तुला कुणी अर्धवट म्हणणार नाही. तुझं तिचं मी स्वतः बोलेन तिच्याशी. मी सांगितलं की ऐकते ती.’

फळीवर तू होतीसच. मी दोन वर्षं ज्या दारासमोरून नुसती सायकल नेली, त्या घरात मला खुर्ची मिळत होती. तुझ्या बाबांच्या तोंडून माझं नाव. खोटं कशाला सांगू, मला ते सगळं दिसलं. पुढची कितीतरी वर्षं दिसली. तू, मी, ते, सकाळचा चहा, सगळं. माझा अंगठा फोनवर होता.

आणि मला त्यांचं शेवटचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. मी सांगितलं की ऐकते ती.

मी फोन टेबलावर मधोमध ठेवला, दोघांना दिसेल असा. ‘प्रमुख बदला’च्या खाली दुसरं बटण होतं. ते दाबलं. फोनने विचारलं, ‘हे कुटुंब बंद करायचे आहे का? सर्व सदस्य वेगळे होतील.’ पुन्हा विचारलं, ‘नक्की?’ मी नक्की म्हटलं.

काकूंचा फोन वाजला. बाबांचा वाजला. तिकडे तुझाही वाजला असेल. ‘तुम्ही आता या कुटुंबाचे सदस्य नाही.’ कंपन्यांना जरा बऱ्या शब्दांत सांगता येत नाही. बाबांनी ते ओठ हलवत वाचलं, मग चष्मा काढून वाचलं. काकू उठल्या, आपल्या खुर्चीवरून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि त्यांचा फोन पालथा घातला.

‘खातं उघडायला लागणाऱ्या माहितीचं लेबल अजून चिकटवलेलं आहे राउटरवर,’ मी बॅग आवरत म्हटलं. ‘दुसऱ्या कुणाकडून नवीन करून घ्या. माझ्या मालकांना सांगा, ते चांगला माणूस पाठवतील. माझी तक्रारही करा, करायलाच हवी. पण लोकेशन चालू करताना तिला आधी विचारा. ती हो म्हणेल किंवा नाही म्हणेल.’

‘आता तूच शिकव मला,’ बाबा म्हणाले. पण त्यात जोर नव्हता.

काकू दारापर्यंत आल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, ‘तिला कळवलंस का, मी नाही सांगितलं ते?’

‘काल टाकलंय पत्र.’

‘पोस्टावर भरवसा नाही ठेवणार मी,’ म्हणाल्या. ‘आता स्वतः लावते फोन. उचलला तर उचलला.’ माझ्यावर त्यांचा राग तसाच होता. तो त्यांनी लपवला नाही आणि मला ते आवडलं.

मी बूट घालत होतो तेव्हा आतून बाबांचा आवाज आला. खुर्चीतून उठले नव्हते. ओरडले नाहीत. एखाद्या अनोळखी माणसाला रस्ता विचारावा तसं म्हणाले, ‘अरे. ती ठीक आहे ना? एवढंच सांग. कुठे ते नको सांगूस.’

मला सांगता आलं असतं कितीतरी. की ती वळणावर थांबते. की उलटं येताना आधी फार चुकायची, आता नाही चुकत. की तुमचीच आहे, रक्तात आहे. घशापर्यंत आलं होतं. पण ते तुझं आहे, मिरे. तू सांगशील तेव्हा सांगशील, त्या वेळी त्यांचं तोंड कसं होतं ते बघायला तूच असायला हवंस.

‘ठणठणीत आहे,’ मी म्हटलं. ‘बाकीचं तिला विचारा. तुम्ही विचारलंत तर ती सांगेल.’

‘विचारू?’ ते म्हणाले. मला नाही, काकूंना.

काकूंच्या कानाला फोन होता. त्यांनी हाताने ‘थांबा’ अशी खूण केली. पलीकडे घंटा वाजत होती, इथपर्यंत ऐकू येत होती. उचलतेस की नाही हे बघायला मी थांबलो असतो, तर पुन्हा तेच झालं असतं, जे मला बघायला कुणी बोलावलेलं नाही ते बघणं. मी बॅग खांद्याला लावली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.